दोन्ही डगरींवर हात

मार्च आला की मिनेसोटात दोन गोष्टी हमखास होतात. रस्त्याकडेचा बर्फ काळा पडून वितळायला लागतो, आणि स्नोमोबिलचे डीलर पुढच्या हिवाळ्याच्या गाड्यांची ऑर्डर घ्यायला लागतात. हो, पुढच्या. म्हणजे आंब्याचा सीझन संपत आलाय, आमरसाची चव अजून जिभेवर आहे आणि दुकानदार म्हणतोय, "पुढच्या वर्षीच्या पेटीचे पैसे आत्ताच भरा, खास माल नंतर मिळणार नाही." काही इंजिनं, काही पट्टे, काही रंग खरंच फक्त या स्प्रिंग ऑर्डरमधेच मिळतात. त्यामुळे हा निर्णय घ्यायची वेळ येते ती नेमकी बर्फ संपलेला आणि आठवणी ताज्या असताना.

गेल्या शनिवारी मीही असाच एका डीलरकडे जाऊन बसलो होतो. फॉर्म अर्धा भरून झाला होता. ८५० सीसीचं इंजिन, १४६ इंची पट्टा, त्यावर २ इंची दाते. टॅक्स वगैरे धरून आकडा १७ हजार डॉलरच्या वर गेला होता. विक्रेता म्हणाला, "ही सगळीकडे चालते. ट्रेलवर पण, ट्रेलच्या बाहेर पण." या वाक्यावरच माझं पेन थांबलं. दोन्ही डगरींवर हात ठेवणारी माणसं आपल्याला माहीत असतात, पण असं यंत्र खरंच असतं का? "उद्या सांगतो" म्हणून उठलो आणि घरी येऊन वही काढली. त्या वहीतून जे निघालं, ते हे.

आधी पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी थोडी ओळख. सोलांगला किंवा गुलमर्गला तुम्ही ज्या 'स्नो स्कूटर'वर फोटो काढून घेतला असेल, तीच ही जमात. पुढे दोन स्की, मागे एक रुंद रबरी पट्टा, वर मोटरसायकलसारखं हँडल. गिअर नाहीत, आपल्या अ‍ॅक्टिव्हासारखाच बेल्टचा सीव्हीटी. फक्त अ‍ॅक्टिव्हाच्या जागी साधारण २२५ किलोचं धूड आणि १२५ ते १६५ अश्वशक्ती. तुलनेसाठी सांगतो, आपल्या स्विफ्टचं इंजिन ८०-९० अश्वशक्तीचं. आईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "अरे, बर्फात कुणी मोटरसायकल चालवतं का? घरात बस की."

पण इथे सगळं राज्य चालवतं. या यंत्राच्या जन्माचा एक मोठा भाग इथलाच आहे. राज्याच्या वायव्य कोपऱ्यात रोझो नावाचं छोटं गाव आहे. शेतीची अवजारं बनवणाऱ्या तिथल्या पोलारिसने १९५० च्या दशकाच्या मध्यावर आपली पहिली स्नोमोबिल बनवली. संस्थापकांपैकी एडगर हेटीन १९६० मधे तिथून बाहेर पडले आणि शेजारच्या थीफ रिव्हर फॉल्समधे त्यांनी जी कंपनी काढली, तीच पुढे आर्क्टिक कॅट झाली. तिकडे कॅनडात, क्यूबेकमधल्या व्हाल्कूरच्या बॉम्बार्डिए यांनी १९५९ मधे स्की-डू आणली होती. आज मिनेसोटात स्नोमोबिलचे २२ हजार मैलांहून जास्त ट्रेल्स आहेत, आणि त्यातले बहुतेक स्थानिक क्लबांची माणसं सांभाळतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर गाड्यांचे ढोबळ तीन प्रकार. ट्रेलची गाडी: पट्टा १२९ ते १३७ इंचांचा, दाते सव्वा इंचाच्या आसपास, दोन स्कींमधलं अंतर ४२-४३ इंच. ग्रूमरने म्हणजे ट्रेल सपाट करणाऱ्या यंत्राने दाबून पक्क्या केलेल्या बर्फावर ही रुळावरच्या गाडीसारखी वळते. दुसरी डोंगराची: पट्टा १५४ ते १६५ इंच किंवा त्याहून लांब, दाते अडीच-तीन इंचांचे, स्कींमधलं अंतर ३६ च्या आसपास. कंबरभर भुसभुशीत बर्फात ती तरंगते, पण कडक ट्रेलवर वळणात आडवी व्हायला बघते. या दोघींच्या मधे क्रॉसओव्हर: पट्टा १३७ ते १४६, दाते सव्वापासून दोन इंचांपर्यंत. स्की-डूची रेनिगेड आणि बॅककंट्री, पोलारिसची स्विचबॅक, आर्क्टिक कॅटची रायट ही त्यातली ओळखीची नावं.

म्हणजे 'क्रॉसओव्हर' हा एक बिंदू नाही, बरीच मोठी पट्टी आहे. एका टोकाला जवळजवळ ट्रेलचीच गाडी, दुसऱ्या टोकाला डोंगराच्या गाडीची धाकटी बहीण. डीलरच्या दुकानात मात्र दोन्हींना एकच नाव, आणि माहितीपत्रकात दोन्हींच्या फोटोत उडणारा बर्फ तेवढाच.

माझं म्हणणं सरळ आहे: मिनेसोटा, विस्कॉन्सिनकडच्या बहुतेकांनी ट्रेलकडचं टोक घ्यावं. १३७ इंच, दाते फार तर दीड इंच. का, ते सांगतो.

पहिलं कारण भूमितीचं. पट्टा ही बंद कडी असते. १४६ इंच ही त्या अख्ख्या कडीची लांबी. प्रत्यक्ष बर्फाला टेकतो तो निम्म्याहून कमी भाग. १३७ वरून १४६ वर गेलात तर कडी ९ इंचांनी वाढते, पण टेकणारा भाग वाढतो साधारण साडेचार इंच. पट्ट्याची रुंदी १५ इंच. म्हणजे जास्तीचा आधार सुमारे ६८ चौरस इंच. एका ए-फोर कागदाचं क्षेत्रफळ ९७ चौरस इंच असतं! एका कागदाच्याही कमी जागेवर आपण 'हिमालय' सर करायचे बेत करतो. १६५ इंची पट्ट्याला तोच हिशेब लावला तर १३७ पेक्षा २१० चौरस इंच जास्त मिळतात. तो फरक खरा. मऊ बर्फाचा प्रश्न खरोखर सोडवायचा असेल तर तो १६५ सोडवते. १४६ ने तो थोडा हलका होतो, एवढंच.

दुसरं कारण दात्यांचं. मऊ बर्फात दाते म्हणजे वल्ही. जितके उंच, तितका बर्फ मागे ढकलणार. पण कडक ट्रेलवर हेच दाते वाकतात, पट्टा वळवळतो, ब्रेक मारल्यावर गाडी हवी तशी थांबत नाही, आणि ताकद वाया जाते ती वेगळीच. रॉयल एनफील्डला खडबडीत ऑफ-रोड टायर लावून पुणे-सातारा हायवेने गेलेल्याला हे वेगळं सांगायला नको. शिवाय या गाड्या थंड कशा राहतात ते बघा. आसनाखालच्या बोगद्यात कूलर बसवलेले असतात आणि पट्ट्याने उडवलेला बर्फ त्यांच्यावर आपटून पाणी गार होतं. ट्रेल बर्फाळ काचेसारखा कडक असला की बर्फ उडतच नाही, इंजिन तापतं. पट्टा ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून घसरतो त्यांनाही वंगण म्हणून बर्फच लागतो. म्हणून स्क्रॅचर, म्हणजे बर्फ खरवडून वर उडवणाऱ्या काड्या, कुठलीही गाडी घेतली तरी लावून घ्या. स्वस्तातला विमा आहे तो.

तिसरं कारण मागच्या सस्पेन्शनचं. त्यात पुढचे आणि मागचे दांडे एकमेकांशी जखडलेले असतील तर थ्रॉटल दाबल्यावर गाडी पुढून फारशी उचलत नाही, स्की जमिनीला धरून राहतात आणि वळण नीट घेता येतं. ते मोकळे असतील तर वजन मागे जातं, स्की वर येतात आणि गाडी बर्फाच्या वर चढते. ट्रेलवर पहिलं हवं, बाहेर दुसरं. क्रॉसओव्हरमधे यातली तडजोड असते आणि ती मॉडेलगणिक वेगळी. स्कींमधलं अंतर काही मॉडेलमधे पान्याने कमी-जास्त करता येतं. तसं असेल तर घ्याच. सस्पेन्शनबद्दल मात्र विक्रेत्याला सरळ विचारा: "हे वळणासाठी बसवलंय की चढण्यासाठी?" उत्तर देताना तो "दोन्ही" म्हणाला तर दुसऱ्या विक्रेत्याकडे जा :)

इथे लांब पट्ट्याची बाजूही मांडायला हवी. रविवारी दुपारपर्यंत ट्रेलवर शेकडो गाड्या जाऊन खड्ड्यांची माळ तयार होते. १४६ इंची गाडी त्या खड्ड्यांवरून पूल टाकल्यासारखी जाते, कंबर वाचते. आमच्या ऑफिसातला एक सहकारी गेली पंधरा वर्षं गाड्या चालवतोय, तो केवळ याच कारणासाठी १४६ चालवतो. त्याचं म्हणणं मला पटतं. पण त्याने दाते दीड इंचाच्या आतलेच घेतलेत, आणि वळणात स्की बाहेर सरकतात हे तो मान्य करतो. म्हणजे त्याने गाडी ट्रेलसाठीच घेतली, फक्त खड्ड्यांच्या ट्रेलसाठी. कशासाठी घेतोय ते त्याला माहीत होतं.

मला ते माहीत होतं का? म्हणून वही. गेल्या हिवाळ्यात भाड्याच्या आणि मित्रांच्या गाड्यांवर मिळून मी ११ दिवस बाहेर होतो. फोनच्या नोंदींप्रमाणे सुमारे ६४० मैल. त्यातले ट्रेल सोडून किती? फार तर २०. तेही एकाच दिवसाचे, मिशिगनच्या किविनॉ द्वीपकल्पातले. तिथे लेक सुपीरियरवरून येणाऱ्या वाऱ्याने बेसुमार बर्फ पडतो. १९७८-७९ च्या हिवाळ्यात ३९० इंच पडल्याची नोंद आहे. म्हणजे ३२ फूट!

म्हणजे ९७ टक्के काम एक आणि सगळी खरेदी उरलेल्या ३ टक्क्यांसाठी. ऑफिसात एखादा क्लायंट अशी रिक्वायरमेंट घेऊन आला तर आपण मीटिंगमधून बाहेर पडल्यावर त्याला काय काय म्हणतो ते आठवा. आणि स्वतःच्या खिशातले पैसे घालताना आपणही तेच करतो. बाणेरच्या सोसायटीत किती फोर-बाय-फोर गाड्या उभ्या आहेत आणि त्यातल्या किती जणींचा तो लीव्हर कधी हलला आहे?

त्या २० मैलांचीही गंमत सांगतो. जिथे ट्रेल सोडायला परवानगी होती अशा ठिकाणी, मित्राची १४६ इंची, २ इंची दात्यांची गाडी घेऊन मी मोठ्या ऐटीत मऊ बर्फात शिरलो. पन्नास फुटांवर एका चढावर घाबरून थ्रॉटल सोडला. गाडी थांबली, बसली. मी परत थ्रॉटल दाबला, पट्ट्याने स्वतःसाठी व्यवस्थित खड्डा खणला आणि गाडी त्यात कमरेपर्यंत गेली. पुढची चाळीस मिनिटं आम्ही तिघं फावड्याने बर्फ उपसत होतो. पुढचा बर्फ पायाने तुडवून वाट करायची, मागचा भाग उचलून बाजूला टाकायचा, स्की धरून ओढायचं. उणे १८ तापमानात घामाने भिजलो, आणि त्या थंडीत घाम ही चैन नसते, धोका असतो. तेवढ्यात आमच्यातलाच चौथा १३७ इंची गाडीवर उभा राहून, वेग न मोडता, आमच्याभोवती अर्धवर्तुळ काढून निघून गेला. चढावर थांबायचं नाही, थांबायचंच असेल तर नाक उताराकडे करून थांबायचं, ही अक्कल त्याच्याकडे होती. ती कुठल्याच स्प्रिंग ऑर्डरमधे मिळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाहेर जायचं म्हणजे कुठे जायचं? मिनेसोटातले कितीतरी ट्रेल्स शेतकऱ्यांच्या खासगी जमिनींवरून जातात. क्लबचे लोक घरोघरी जाऊन, हात जोडून परवानगी आणतात. अट एकच: आखलेल्या वाटेवरून जा. गेल्या हिवाळ्यात आमच्या नेहमीच्या वाटेवर एके ठिकाणी दोन खांब आणि 'बंद' अशी पाटी दिसली. कोणीतरी ट्रेल सोडून शेतात गोल गोल फेऱ्या मारल्या होत्या. खाली अल्फाल्फा होता, म्हणजे आपला लसूणघास. वरचा बर्फ हे त्याचं पांघरूण असतं. ते गाड्यांनी दाबलं की थंडी खाली उतरते आणि पीक मरतं. शेतकऱ्याने परवानगी काढून घेतली, आणि सगळ्यांना हायवेच्या कडेने लांबचा वळसा पडला. ज्याने हे केलं त्याच्या पट्ट्याचे ठसे मी बघितले होते. चांगले खोल होते. त्याला दोष देताना मला माझा अर्धा भरलेला फॉर्म आठवत होता. दोन इंची दाते घेतले की माणूस ते वापरायला जागा शोधणारच. जिथे कायदेशीर जागा नाही तिथेही.

मग डोंगराचं काय? ते स्वप्न मलाही आहे. वायोमिंगमधली टॉग्वटी खिंड किंवा मोंटानातलं कुक सिटी एकदा तरी करायचंच. पण तिथे १४६ इंची क्रॉसओव्हर ट्रेलरवर लादून हजार मैल ओढत नेण्यात फारसा अर्थ नाही. उंची वाढली की हवा विरळ होते आणि इंजिन दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के ताकद गमावतं. दहा हजार फुटांवर तुमचे १६५ घोडे ११५ च्या आसपास येतात. सीव्हीटीच्या क्लचमधली वजनंही त्या उंचीसाठी वेगळी लागतात. तिथे भाड्याने मिळणाऱ्या डोंगरी गाड्या त्याच उंचीसाठी लावलेल्या असतात. मी घेत होतो त्या आणि १३७ इंची ६०० सीसीच्या गाडीतला किमतीचा फरक काढला तर चार-पाच दिवसांचं भाडं त्यात निघतं. त्यातून थोडे पैसे हिमप्रपाताच्या कोर्ससाठी, आणि बीकन, लांब काठीचा प्रोब आणि फावडं यांसाठी ठेवावेत. या तीन वस्तू अंगावर नसताना डोंगरात जाणाऱ्याला माझ्या मते गाडीबद्दल मत द्यायचा हक्कच नाही.

इंजिनाचंही तसंच. मिनेसोटात सार्वजनिक जमिनीवर आणि तळ्यांवर वेगमर्यादा ताशी ५० मैल आहे. ६०० सीसीच्या टू-स्ट्रोकमधे १२५ अश्वशक्ती मिळते. त्याहून जास्त लागते ती दोस्तांमधे सांगायला. आरएक्स-१०० च्या आठवणीने ज्यांचा जीव अजून कासावीस होतो त्यांनी नाराज होऊ नये, इथे टू-स्ट्रोक अजून जोरात आहेत, फक्त आता इंधन आणि ऑइल कॉम्प्युटर मोजून देतो. लांब पल्ला आणि कमी खर्च हवा असेल तर फोर-स्ट्रोक, पण तिचं वजन जास्त, आणि रुतल्यावर तो प्रत्येक किलो तुमच्या पाठीला कळतो.

आणि गाडीच्या ब्रँडपेक्षा जवळचा डीलर बघा. यामाहाने २०२३ मधे जाहीर करून २०२५ च्या मॉडेलनंतर स्नोमोबिल बनवणं थांबवलं. आर्क्टिक कॅटची मालकी टेक्स्ट्रॉनकडून २०२५ मधे दुसऱ्यांकडे गेली. या गाड्या वाईट नाहीत. पण जानेवारीतल्या शनिवारी बेल्ट किंवा सेन्सर गेला तर तो तासाभराच्या अंतरावर मिळतो का, हा प्रश्न अश्वशक्तीच्या आधी विचारायचा.

लांब पट्टा आणि उंच दाते कुणी घ्यावेत? जो किविनॉसारख्या ठिकाणी राहतो, ज्याच्या घराजवळ ट्रेल सोडायला परवानगी असलेलं जंगल आहे, जो ग्रूमर पोचण्याआधी वाट पाडत जातो. अशा माणसाच्या वहीत ३ नाही, ४० टक्के निघतील. त्याने खुशाल घ्यावी. माझा आक्षेप गाडीवर नाहीच, न उघडलेल्या वहीवर आहे.

शेवटचं, पैशाचं. २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदीतला सगळ्यात उबदार होता. राज्यभरात कितीतरी ट्रेल्स नीट उघडलेच नाहीत. त्या वर्षी १७ हजारांची गाडी घेतलेल्यांनी ती गॅरेजमधे पुसून ठेवली. मार्चमधे पैसे भरायचे आणि डिसेंबरमधे आभाळाकडे बघत बसायचं, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला नाइलाजाने करावं लागतं. मी हौसेखातर कशाला करू?

सोमवारी डीलरला फोन करून फॉर्म रद्द केला. तो काही रागावला नाही, म्हणाला, "ऑक्टोबरमधे ये, जुन्या गाड्या परत येतील." तेव्हा जाईन. १३७ इंच, दाते दीड इंचाच्या आत, ६०० सीसी, दोन-तीन वर्षं जुनी. दरम्यान क्लबचं सभासदत्व घेतलंय. नोव्हेंबरमधे ट्रेलवरच्या फांद्या छाटायला माणसं लागतात, आणि त्या बंद झालेल्या शेताच्या मालकाकडे क्लबचे दोघं पुन्हा बोलायला जाणार आहेत. मला म्हणालेत, "तूही चल." जाणार आहे. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही, बघू.

आईला सांगितलं की या वर्षी गाडी घेत नाहीये. म्हणाली, "बरं झालं." ऑक्टोबरचं तिला अजून सांगितलेलं नाही :)